फ्लूक पाण्याखाली आमिषाशी नेमकं काय करतो?

अमेय_पिस्कॅटवे

न्यू जर्सी, लाँग आयलंड भागात गरवायला जाणारे इथे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हा धागा, पण कोकणातल्या मंडळींनीही जरूर लिहा.

प्रश्न फ्लूकबद्दल आहे, म्हणजे समर फ्लाउंडर हा चपटा मासा. रॅरिटन बेमध्ये एकाच बोटीवर एकाच ड्रिफ्टला (म्हणजे बोट ओढीबरोबर वाहत असताना) शेजारी शेजारी तीन रॉड असतात, एकावर माकुलाची (स्क्विडची) पट्टी, दुसऱ्यावर जिवंत किली (छोटा मासा), तिसऱ्यावर पांढरं बकटेल (शिशाच्या डोक्याला केसांचा झुबका लावलेलं नकली आमिष) आणि त्याला गल्प (वासाच्या रसात ठेवलेलं मऊ नकली आमिष). तिन्ही तळाशीच, पाणी तेच, ओढ तीच. तरी माकुलवाल्याला नुसतं टकटक टकटक होत राहतं आणि वर काढलं की पट्टीचं शेपूट गायब, किलीवाल्याचा रॉड हळूच जड होतो, आणि बकटेलवाल्याला एकतर दणका बसतो नाहीतर तासभर काहीच नाही. आमिषाच्या दुकानात विचारलं की जो तो आपलं आवडतं आमिष सांगतो. मला तेवढंच नकोय, मला हे समजून घ्यायचंय की खाली वाळूत पडलेला मासा हे तीन प्रकार बघून करतो काय. कुणी कॅमेरा सोडून पाहिलंय का? कुणी अभ्यास केलाय का?

जिगर_बेलमार

मस्त धागा. बसलो बुवा पहिल्या रांगेत.

खाडीकर

कॅमेरा सोडून पाहिलंय, अजूनही सोडतो. शिशापासून तीनेक फूट वर छोटा कॅमेरा, तोंड खाली करून. रॅरिटन बेच्या आत पाणी इतकं गढूळ असतं की काही दिसत नाही, सँडी हूकच्या बाहेर समुद्राकडच्या अंगाला भरतीच्या शेवटी शेवटी पाणी निवळतं तेव्हाच बरं चित्र मिळतं.

फ्लूक वाळूत दबलेला असतो, अंगावर वाळूचा पातळ थर आणि फक्त डोळे वर. आमिष आलं की सगळ्यात आधी डोळे हलतात, दोन्ही वेगवेगळे फिरतात, मग दोन्ही डोळे आमिषावर येतात आणि कडेचे पंख थरथरायला लागतात, वाळू घरंगळते आणि तो उठतो. पण उठला की लगेच चावेल असं नाही. बऱ्याचदा तळापासून वीतभर वर राहून मागे मागे येतो, आमिष थांबलं की हाही खाली बसतो, परत हललं की परत उठतो. हा पाठलाग आपल्याला वर अजिबात कळत नाही. आपण म्हणतो "काहीच नाहीये इथे" आणि खाली मासा चार हातांवर चालत आलेला असतो.

आता तुमचे तीन रॉड.

माकुलाची पट्टी लांब असते, टोक लवलवत असतं, आणि फ्लूक मागून येतो म्हणून पकडतो ते टोकच. धरतो आणि पट्टीबरोबर तसाच सरकत राहतो, मधेच डोकं झटकतो. वर जी टकटक लागते ती हीच. तेव्हा तुम्ही झटका दिलात की गळ त्याच्या तोंडात पोचलेलाच नसतो, शेपूट तुटतं किंवा पट्टी निसटते.

किलीचं वेगळं आहे. ओठातून टोचलेली किली फ्लूक जवळ आल्यावर वर उसळायला बघते आणि त्या क्षणी तो वाट बघत नाही, एका झेपेत डोक्यासकट घेतो आणि परत तळाला बसतो. तळाला बसून गिळतो म्हणून तुमचा रॉड नुसता जड होतो, दगड अडकल्यासारखा.

बकटेल तळावर आपटलं की दर वेळी वाळूचा छोटा धूर उडतो. आजूबाजूचे मासे तिकडे वळताना मी स्वच्छ पाहिलेत. आणि चावा बहुतेक वेळा बकटेल खाली पडत असताना बसतो, वर जाताना क्वचित. म्हणून दणका.

सीमा_मालवण

खाडीकर, काय सुंदर लिहिलंत! एक विचारू का, हा फ्लूक म्हणजे आपला लेपच ना? आमच्याकडे लेप गरीला कधी लागलेला बघितला नाही, रापणीत नाहीतर ट्रॉलरच्या जाळ्यातच येतो. मग तिकडचा एवढा उठून पाठलाग कसा करतो?

जिगर_बेलमार

सीमाताई, लेपाचं नाव काढलंत, आता रवा लावून तळलेल्या लेपाचा फोटोही टाका, नाहीतर आम्हा परदेशस्थांवर अन्याय आहे हा.

सागरिका

मी रत्नागिरीला मत्स्यविज्ञान शिकले, आता हे काम करत नाही पण विषय जिवाचा आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

सीमा, लेप आणि फ्लूक दोघेही चपटे, दोघांचेही दोन्ही डोळे एकाच बाजूला, पण खाण्याची तऱ्हा अगदी वेगळी. लेपाचं तोंड लहान, वाकडं आणि डोळे बारीक. तो चिखलातले किडे, बारीक कोळंबीवर्गीय जीव टिपतो आणि त्यासाठी वास आणि स्पर्श जास्त वापरतो. त्याच्यासमोर माकुलाची पट्टी नाचवून उपयोग नाही. आपल्याकडे फ्लूकच्या वृत्तीच्या जवळ जाणारा मासा म्हणजे भाकस. मोठं तोंड, सुळ्यांसारखे दात, मासेच खातो. भाकसाचा सरकलेला डोळा पूर्ण दुसऱ्या बाजूला जातच नाही, डोक्याच्या कडेवरच राहतो, आणि तो कधी कधी इतर माशांसारखा उभाही पोहतो.

चपट्या माशांचा जबडा बघितला तर आमिषाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. जे तळातले किडे खातात त्यांचा जबडा खालच्या, म्हणजे आंधळ्या बाजूला जास्त वाढलेला असतो, दातही तिकडेच जास्त. फ्लूकचा जबडा दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा असतो, कारण त्याला समोर पोहणारा मासा पकडायचा असतो. पिल्लू असताना तो साध्या माशासारखा सरळ पोहतो, डोळे दोन बाजूंना दोन, मग उजवा डोळा डोक्यावरून सरकत डाव्या बाजूला येतो आणि तो तळाला लागतो. मोठेपणी पोटात हवेची पिशवी राहत नाही, अंग पाण्यापेक्षा जड, म्हणून पोहणं थांबवलं की आपोआप खाली बसतो. खाडीकरांना कॅमेऱ्यात तो आमिष थांबलं की बसताना दिसतो ते यामुळेही.

आणि अमेय, अभ्यास झालाय, तोही तुमच्या शेजारीच. सँडी हूकच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी फ्लूक मोठ्या टाकीत ठेवून त्यांच्या हालचालीवर आणि खाण्यावर काम केलं, ते १९७२ साली प्रसिद्ध झालं. मासे मुख्यतः दिवसा हालचाल करतात आणि भक्ष्य शोधतात ते मुख्यतः नजरेने, असं त्यात दिसलं. म्हणजे आमिष आधी दिसायला हवं, बाकी सगळं नंतर.

लाँगआयलंडकर

सागरिकाताई, मान राखून असहमत. आमच्या ग्रेट साउथ बेमध्ये पाणी कितीतरी दिवस चहासारखं असतं, हात दीड हात दिसलं तर नशीब, तरी फ्लूक लागतात. आणि नुसतं बकटेल टाकलं तर कमी, तेच गल्पच्या बाटलीतल्या रसात बुडवलेलं शेपूट लावलं की जास्त. नजरच सगळं करत असेल तर हा फरक का पडावा? वास लागतो म्हणजे लागतो. बोटीवरचे जुने डेकहँडही हेच सांगतात, एकाच बकटेलवर गल्पही लाव आणि त्याच्या वर दीड फुटावर टीझरला, म्हणजे जोडीच्या छोट्या गळाला, माकुलाची बारीक पट्टीही लाव.

खाडीकर

लाँगआयलंडकर, गल्पने फरक पडतो हे मलाही दिसलंय, पण तो फरक कुठे पडतो बघा. बिनवासाचं रबर तो धरतो आणि पटकन थुंकतो, कॅमेऱ्यात एका क्षणात आत-बाहेर होतं. गल्प धरला तर धरून ठेवतो, चघळतो, सोडून परत धरतो. म्हणजे त्याला आणलं नजरेने किंवा पाण्यातल्या थरथरीने, पण थांबवलं चवीने. आपल्या हाताला मात्र थांबलेलाच कळतो, थुंकलेला कळत नाही, म्हणून आपण म्हणतो वासाने जास्त आले.

सागरिका

हेच लिहायला आले होते. गढूळ पाण्याबद्दल आणखी एक, पाण्यातली थरथर टिपणारी बाजूरेषा चपट्या माशांना असतेच, त्यामुळे तळावर शिसं आपटलं, किली धडपडली हे हात दीड हात दिसत असतानाही त्याला कळू शकतं. आणि शेवटची झेप तशीही छोटीच असते.

निशा_आयसेलिन

मी गरवत नाही, नवरा जातो आणि मी वैतागते, पण हा धागा वाचून प्रश्न पडला. फ्लूक वाळूत एवढा लपलेला असतो तर छोट्या माशांना खरंच दिसत नाही का? की आपल्यालाच दिसत नाही?

सागरिका

निशा, नाही दिसत. लपणं नुसतं वाळू ओढून घेण्यापुरतं नाही, कातडीही तळासारखी होते. व्ही. एस. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली 'नेचर'मध्ये उष्ण समुद्रातल्या एका फ्लाउंडरचं काम छापलं होतं, वेगवेगळ्या नक्षीच्या तळावर ठेवल्यावर तो २ ते ८ सेकंदांत अंगावरची नक्षी बदलत होता. फ्लूकच्या कुळातही रंग बदलणं चांगलंच आहे. काळपट चिखलातून काढलेला आणि पांढऱ्या वाळूवरून काढलेला मासा शेजारी ठेवून बघायला सांगा नवऱ्याला.

डोळ्यांमागे द्रव भरलेली एक पिशवी असते, तिच्या जोरावर डोळे वर उचलता येतात, त्यामुळे अख्खं अंग वाळूखाली ठेवूनही चौफेर बघता येतं.

जिगर_बेलमार

पण खरं दुखणं कुणी बोलत नाहीये, सी रॉबिन मासा! फ्लूक विचार करत बसतो तोवर हे पंखवाले सहा पायांचे महाशय येऊन पट्टी खाऊन मोकळे. खाडीकर, कॅमेऱ्यात तेही दिसत असतील ना?

खाडीकर

दिसतात म्हणजे काय, गर्दी करतात. तळावर त्या पायांनी चाचपत चालत येतात. त्यांच्यावर २०२४ साली संशोधन आलंय, त्या पायांनी ते तळातली चव ओळखतात आणि पुरलेलं खाणं उकरतात. त्यामुळे आमिष तळावर पडून राहिलं की पहिला हक्क त्यांचा. बकटेल सतत उचलत राहिलं तर रॉबिन कमी आणि फ्लूक जास्त, हा माझा अनुभव आहे. आणि रॉबिन फेकू नका, त्याच्या पोटाकडची पांढरी पट्टी हे फ्लूकसाठी फार टिकाऊ आमिष आहे, माकुलासारखं तुटत नाही.

वेंगुर्लेकर

आमच्याकडे आजोबा गरवताना सांगायचे, पाण्याची ओढ बघ, मग गरी सोड. भांगाच्या पाण्याला मासा सुस्त, उधाणाला चढतीला धावतो. तुमच्या फ्लूकला भरती-सुकतीचं असं काही आहे का?

लाँगआयलंडकर

वेंगुर्लेकर काका, शंभर टक्के आहे. तो ओढीकडे तोंड करून पडतो आणि ओढ जे आणेल त्याची वाट बघतो, म्हणून आमिष ओढीबरोबरच यायला हवं, उलटं ओढलेलं आमिष त्याच्या मागून येतं. पाणी थांबलं की चावे थांबतात, सगळ्या बोटींवर एकदम शांतता. मे महिन्यात समुद्र अजून गार असतो तेव्हा तर ओहोटीच पकडायची, दिवसभर उन्हाने तापलेलं उथळ खाड्यांचं पाणी बाहेर यायला लागलं की वाटेवर फ्लूक बसलेले असतात. शार्क रिव्हर, मॅनास्क्वान, बार्नेगट, सगळीकडे हेच चालतं.

मीरा_शार्करिव्हर

हिवाळी फ्लाउंडरचंही कुणी लिहा ना. माझे सासरे मार्चमध्ये त्यांच्याच मागे असायचे, रक्तकिडे आणि शिंपल्याचं मांस घेऊन, आणि जाळीदार डब्यात ठेचलेले शिंपले भरून तळाला सोडून ठेवायचे. बकटेल वगैरे काही नाही. तरी मासे यायचे.

सागरिका

मीरा, तो वेगळा मासा, आणि डोळेही उजव्या बाजूला. तोंड एवढंसं, किडे आणि शिंपल्यांचे बाहेर आलेले नळीसारखे भाग खातो. १९६९ साली सँडी हूकच्याच मंडळींचं काम आलं, पाणबुड्यांनी प्रत्यक्ष पाण्यात बघून केलेलं, त्यात तो दिवसा खातो आणि खाण्याच्या वेळी डोकं तळापासून उचलून धरतो, तसाच स्थिर राहून डोळे फिरवत बसतो आणि किडा दिसला की डोकं खाली मारतो असं वर्णन आहे. म्हणजे नजर त्यालाही लागते, पण तो पाठलाग करणारा नाही. म्हणून तुमच्या सासऱ्यांची पद्धत बरोब्बर होती, लहान गळ, बारीक आमिष, जवळजवळ स्थिर, आणि शिंपल्याच्या वासाने मासे जवळ गोळा करायचे. फ्लूकच्या पद्धतीने त्याला गरवलं तर तो बघतही बसणार नाही.

लाँगआयलंडकर

आणि आता ते राहिलेत कुठे. न्यू जर्सीत त्यांची मर्यादा २ मासे आणि किमान १२ इंच, तेही भरायचे म्हणजे दिवस जातो. वाईट वाटतं.

अमेय_पिस्कॅटवे

वा, काय काय येतंय! एक राहिलं, झटका कधी द्यायचा? बोटीवर दर वेळी यावरून वाद होतो.

जिगर_बेलमार

माझं मत ठाम आहे, थांबायचंच नाही. टक झालं की ओढा.

खाडीकर

जिगर, बकटेलवर बरोबर, कारण तिथे गळ आमिषाच्या अंगातच आहे आणि त्याने तोंडात घेतलंय तेव्हाच तुम्हाला कळलंय. माकुलाच्या लांब पट्टीवर मात्र टक झालं की रॉडचं टोक खाली न्या, दोरी ढिली न सोडता त्याला हातभर द्या. तो टोक धरून सरकत असतो, आमिष सैल पडल्यावर पुढे येऊन अजून तोंडात घेतो. वजन सलग जाणवलं की मगच उचला. आणि चुकलं तर लगेच वर काढू नका, परत तळाला सोडा. तोच मासा परत वळलेला मी किती वेळा पाहिलाय, दोन-तीनदा चुकूनही येतो. किलीवर सगळ्यात जास्त धीर.

सागरिका

किलीवर धीर धरण्याबद्दल एक कळकळीची विनंती. जितका वेळ द्याल तितका गळ घशात, पोटात जातो. न्यू जर्सीत २०२४ ला किमान १८ इंच, ३ मासे असा नियम होता, म्हणजे पकडलेल्यातले बहुतेक सोडावे लागतात. सोडलेल्यांपैकी १० टक्के मरतात असं धरूनच साठ्याचा हिशोब होतो, आणि तो आकडा गळ कुठे लागलाय यावर खूप अवलंबून असतो. शिवाय एवढे मोठे झालेले फ्लूक बहुतेक माद्याच असतात, नर क्वचितच तेवढा वाढतो. म्हणजे आपण घरी नेतो त्या अंड्यांवर येणाऱ्या माद्या, आणि जे लहान सोडतो त्यांनी तरी धडधाकट परत जायला हवं. गळ खोल गेला असेल तर उपसत बसू नका, दोरी कापा. बकटेलवर गळ ओठाला लागतो, मला तरी ते आमिष त्यासाठीच जास्त पटतं.

निशा_आयसेलिन

हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. मान्य आहे म्हणाला, पण १९७५ साली माँटॉकला २२ पौंड ७ औंसांचा फ्लूक मिळाला होता तो कशावर मिळाला ते विचार म्हणाला. 🙂

लाँगआयलंडकर

विक्रम आमच्या लाँग आयलंडचा आहे, बाकीचं गुपित ठेवलेलंच बरं.

वेंगुर्लेकर

वाचून मजा आली. भाकस आमच्याकडे कधीमधी गरीला लागतो तो जिवंत आमिषालाच, हे आता नीट कळलं. पोरांना सांगतो.

अमेय_पिस्कॅटवे

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे मला समजलं ते असं की तीन रॉडना तीन वेगळे मासे येत नव्हते, तोच मासा तीन प्रकारे धरत होता, आणि माकुलवाल्याला सगळ्यात जास्त मासे येत असतील तरी त्यालाच ते गळाला लागत कमी. मग शेवटचं विचारतो, वारा आणि ओढ एकमेकांच्या विरुद्ध असले की बोट जागच्या जागी उभी राहते, तेव्हा काय करायचं? गेल्या वेळी अर्धा दिवस तसाच गेला.

खाडीकर

आमिष उभं राहिलं की फ्लूकही बसून राहतो, रॉबिन आणि स्केट हे मासे तेवढे येतात. मग आपण चालवायचं. साधारण १ नॉटच्या आसपास ड्रिफ्ट चांगला, तेवढा मिळत नसेल तर इंजिन गिअरमध्ये टाकून क्षणभर पुढे, परत न्यूट्रल, असं करत राहा. ते जमत नसेल, म्हणजे पार्टी बोट (तिकीट काढून बरेच जण जातात ती) असेल, तर बोटीखाली सोडून बसू नका, हलकं बकटेल घ्या, पाऊण किंवा एक औंसाचं, हाताखालून लांब टाका आणि तळावर उड्या मारत मारत आपल्याकडे आणा, ओढीच्या वरच्या अंगाला टाका म्हणजे ते ओढीबरोबर येईल. उलटं झालं, बोट फार पळायला लागली, तर पाण्यात ड्रिफ्ट सॉक (बोटीचा वेग कमी करणारी कापडी पिशवी) सोडा आणि शिसं वाढवा, नाहीतर आमिष तळ सोडून वर तरंगतं आणि त्याला ते दिसलं तरी एवढ्या वर तो येत नाही. शनिवारी सकाळी ओहोटी आहे, अटलांटिक हायलंड्सहून निघतोय, एक जागा आहे. येताय का?

अमेय_पिस्कॅटवे

येतो. किली मी आणतो, की नुसतं बकटेल?

खाडीकर

बकटेल पांढरी दोन, पोपटी दोन, आणि गल्पची बाटली घट्ट लावून आणा, बाहेर राहिलं की वाळून कडक होतं. किली राहू द्या.